आधी वाच, कोणाला वगळलं ते

इंदूर

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तुझा प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही त्याच बाईंना समोर ठेवून लिहीत आहे. झाबुआकडच्या, वय पन्नाशीचं, रुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस (रुमॅटिक तापानं हृदयाची झडप अरुंद झालेली) आणि जोडीला एट्रियल फिब्रिलेशन (ए.एफ., हृदयाचे अनियमित ठोके). गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉर्फरिन चालू आहे, पण आय.एन.आर.साठी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) दर महिन्याला इंदूरची बस धरायची म्हणजे मजुरी बुडते. एमआरनं (औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं) दिलेल्या पेपरात रिव्हारोक्साबॅन हे त्याच कामाचं नवं औषध वॉर्फरिनच्या तोडीचं ठरलंय, आणि त्याला आय.एन.आर. लागत नाही. बदलावं का?

पेपर हातात आला की निष्कर्षावर उडी मारू नकोस. मेथड्समध्ये (अभ्यास कसा केला त्या भागात) जा आणि कोणते रुग्ण वगळले ते शोध. पूर्ण यादी बहुधा सप्लिमेंटमध्ये (पेपरच्या पुरवणीत) असते. ते उघडायचा कंटाळा करू नकोस. तुझ्याकडचा पेपर रॉकेट-एएफ या ट्रायलचा (औषधाच्या चाचणीचा) आहे. २०११ सालचा, १४,२६४ रुग्णांचा, काम चांगलं. पण रक्तप्रवाह अडेल इतका मायट्रल स्टेनोसिस असलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. तुझ्या बाई दारातूनच परत गेल्या असत्या. त्या पेपरातलं ‘तोडीचं’ हे उत्तर खरं आहे, पण ते दुसऱ्या रुग्णांचं आहे.

तुझ्या बाईंसारख्यांवरची ट्रायल २०२२ मध्ये आली: इन्व्हिक्टस. रुमॅटिक हृदयविकार आणि ए.एफ. असलेले ४,५३१ रुग्ण, भारतासह २४ देश, सरासरी वय पन्नास, चारातल्या जवळजवळ तीन स्त्रिया. पक्षाघात, इतरत्र गुठळी, हार्ट अटॅक, किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या वा अज्ञात कारणानं मृत्यू, यांपैकी काही झालेले रुग्ण रिव्हारोक्साबॅनच्या गटात २,२७५ पैकी ५६०, वॉर्फरिनसारख्या औषधांच्या गटात २,२५६ पैकी ४४६. टक्केवारी स्वतः काढ: २४.६ आणि १९.८. फरक ४.८. शंभराला त्यानं भाग, साधारण २१ येतात. म्हणजे एकवीस जणांचं औषध बदललं, तर सुमारे तीन वर्षांत एकाचं जास्तीचं नुकसान. ‘अमुक टक्के कमी धोका’ अशी सापेक्ष भाषा दिसली की दरवेळी हा भागाकार करायचा. दोनाचा एक टक्का झाला तरी जाहिरातीत ‘निम्मा धोका’च छापतात, तिथे एकाला फायदा व्हायला शंभरांना औषध द्यावं लागतं.

आता हीच चाळणी इन्व्हिक्टसलाही लाव. निकाल आपल्याला पटला म्हणून सूट नाही. ट्रायल ओपन-लेबल होती, कोणाला काय चालू आहे ते सगळ्यांना ठाऊक. ‘बरं वाटतंय का’ असा आउटकम (मोजायचा परिणाम) असता तर मी फार विश्वास ठेवला नसता. मृत्यूची मोजणी मात्र मतानं बदलत नाही. रिव्हारोक्साबॅन मध्येच सोडणारे जास्त होते, आणि वॉर्फरिनवाले आय.एन.आर.साठी वारंवार डॉक्टरांसमोर येत होते. मृत्यूंमधला फरक मुख्यतः हार्ट फेल्युअर आणि अचानक मृत्यू यांतला होता, गुठळ्यांतला नव्हे. कारण औषधात आहे की भेटींत, हे यावरून सुटत नाही. पण तुझ्या निर्णयापुरतं बघ: औषध बदललंस तर त्या भेटीही जातात.

एरवी दोन जागा कधी सोडू नकोस. पहिली, वाटप लपवलेलं होतं का. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे भरती करणाऱ्याला आधी कळलं, की तब्येतीनं बरे रुग्ण नकळत नव्या औषधाकडे सरकतात. १९९५ साली २५० ट्रायल तपासल्या, तेव्हा वाटप नीट न लपवलेल्यांत ऑड्स रेशोच्या (दोन गटांतल्या शक्यतांच्या गुणोत्तराच्या) हिशेबानं परिणाम सरासरी ४१ टक्क्यांनी फुगलेला निघाला. नुसतं ‘रँडमाइज केलं’ (गट यदृच्छेनं ठरवले) एवढंच लिहिलं असेल तर समाधान मानू नकोस. मध्यवर्ती संगणक, फोन, की लिफाफे, ते शोध.

दुसरी, काय मोजलं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके चुकतात, फ्लेकेनाइड आणि एन्केनाइडनं ते कमी होतात, म्हणून ती औषधं सर्रास दिली जात. कास्ट ट्रायलनं माणसं मोजली: औषधावर ७५५ पैकी ६३ मृत्यू, प्लासिबोवर (औषध नसलेल्या गोळीवर) ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला होता. एच.बी.ए.वन.सी. (मधुमेहातली साखरेची तपासणी) असो, हाडांची घनता असो, नुसता आकडा सुधारला तर ‘रुग्णाचं काय झालं’ हे विचारायचंच.

भारतातली ट्रायल असेल तर सी.टी.आर.आय.वर (भारतातल्या ट्रायलच्या नोंदवहीत) तिची नोंद काढ. १५ जून २००९ पासून ती सक्तीची आहे. नोंदीतला प्रायमरी (मुख्य) आउटकम आणि पेपरातला, दोन्ही शेजारी ठेव. बदलला असेल आणि कारण दिलं नसेल, तर मी तो पेपर बाजूला ठेवते.

तर बाईंचं वॉर्फरिन बदलू नकोस, बस कमी कर. घराजवळ आय.एन.आर. कुठे होतो ते विचार, रिपोर्ट मुलाच्या फोनवरून मागव, डोस फोनवर सांग आणि कार्डावर तारखेसह लिहायला लाव. आय.एन.आर.चं लक्ष्य २ ते ३. मेथी-पालक बंद करायला लावू नकोस, रोज साधारण तेवढंच खायला सांग. आणि मेडिकलवरून वेदनाशामक गोळी घेण्याआधी तुला फोन करायचा, हे मुलासमोर सांग. मागचे सहा आय.एन.आर. मला पाठव, गडबड डोसची आहे की गोळ्या घ्यायच्या राहण्याची, ते आकड्यांतून बघू.

तुझी,
ताई