बास गिटारसाठी स्वस्तातला नेक घ्यावा का?

प्रश्न : बास गिटार स्वतः जुळवायला घेतली आहे. बॉडी तयार आहे, पिकअप आणि ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकतात तो भाग) आणून ठेवलेत. अडलंय ते नेकपाशी, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यापाशी. नामांकित कंपनीचा नेक परवडत नाही आणि बिननावाचे स्वस्त नेक दिसायला अगदी तसेच असतात. एक मित्र म्हणतो डोळे मिटून घे, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात जातील. तुमच्याकडे दुरुस्तीला असे नेक येत असतील, तर खरं काय ते सांगा.

उत्तर : दोघांनी बहुधा एकेकच नेक पाहिला असणार. स्वस्त नेकची खरी अडचण हीच की एकाच खोक्यातून निघालेले दोन नेक सारखे असतील याची खात्री नाही. एक तासाभराच्या कामात सुरेख वाजतो, दुसरा दोन दिवस खातो.

लाकडाची फार धास्ती घेऊ नका. आकार आणि फ्रेटच्या (नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या) खाचा आता यंत्र कापतं, त्यामुळे फ्रेट सहसा योग्य जागी असतात. पैसा वाचवलेला असतो तो हाताच्या कामात. फ्रेट ठोकल्यावर सगळ्यांची उंची एक करायची, त्यांचे माथे पुन्हा गोल करायचे, टोकं घासायची, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा तारेच्या जाडीप्रमाणे खोल करायच्या, या सगळ्याला वेळ आणि सवयीचा हात लागतो. तेच अर्धवट सोडून नेक विकायला निघतो. हे काम तुम्ही स्वतः करणार किंवा कुणाकडून करून घेणार असाल तर स्वस्त नेक जरूर घ्या. लावला की वाजवला असा बेत असेल तर मी नको म्हणेन.

तीन दोष मात्र दुरुस्त करत बसू नका, नेक परत करा.

पहिला पीळ. नेकची हील, म्हणजे बॉडीत बसणारं टोक, डोळ्याजवळ धरून नटच्या दिशेने बघा. जाड तारेकडची कड आणि बारीक तारेकडची कड वेगवेगळी पाहा. दोन्ही सारख्या वाकलेल्या असतील तर तो नुसता बाक, ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, आवळता येणाऱ्या लोखंडी सळईने) निघतो. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी दिसली तर लाकूड पिळलंय, आणि ते ट्रस रॉडला सरळ करता येत नाही.

दुसरा दोष म्हणजे काम न करणारा ट्रस रॉड. तारा नसताना फ्रेटवर सरळपट्टी ठेवा, पाना लावून पाव फेरा आवळा आणि पुन्हा बघा. नेकचा मधला भाग किंचित वर यायला हवा. काहीच हललं नाही, किंवा रॉड आवळायचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला निघाला, तर तो नेक टेबलावरही ठेवू नका. चार तारांचा मिळून ताण 70 किलोंच्या वर जातो आणि त्याने येणारा बाक कमी-जास्त करायला दुसरं काहीही नाही.

तिसरी मापं. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बास आणली तेव्हा नेक बॉडीला स्क्रूने जोडला, म्हणून तर आज आपण नेक बदलण्याच्या गोष्टी करतो. त्या गिटारची 34 इंच स्केल, म्हणजे नट ते ब्रिज तारेची लांबी, पुढे रूढ झाली. नटच्या फ्रेटबोर्डाकडच्या (फ्रेट बसवलेल्या पृष्ठाकडच्या) कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत त्याच्या निम्मं, म्हणजे 431.8 मिलिमीटर भरायला हवं. बाराव्याला माप चुकलं तर पहिलंही तपासा: तिथे 48.5 मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. हीलची रुंदी मात्र जाहिरातीवरून ठरवू नका, कॅलिपरने मोजा आणि बॉडीच्या खोबणीशी ताडून पाहा. अर्धा मिलिमीटर जास्त असेल तर घासता येतो. नेक खोबणीत सैल बसत असेल तर फटीत पट्ट्या भरण्यापेक्षा दुसरा नेक बघा.

एवढ्यातून पार पडलेला नेक माझ्या लेखी चांगला. पुढे फ्रेट. तीन फ्रेटवर एकदम टेकेल एवढी सरळ धातूची पट्टी घ्या आणि दर तिघांवर ठेवून डोलवा. डोलली की मधला फ्रेट उंच. तो नीट बसला नसेल तर लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकल्यावर बसतो. बसला नाही तर घासायचा, पण घाई नको. आधी नेक लावून तारा चढवा आणि आठवडाभर तसाच ठेवा. लाकूड ताणाखाली स्थिरावतं आणि खरा उंचसखलपणा तेव्हाच दिसतो. मग तारा काढून ट्रस रॉडने नेक सरळ करा, फ्रेटबोर्ड चिकटपट्टीने झाका, फ्रेटच्या माथ्यावर मार्करने रंग द्या आणि सपाट दांड्यावर चिकटवलेला पॉलिश पेपर लांबीने फिरवा. उंच फ्रेटचा रंग आधी उडतो. सगळ्यांचा थोडा थोडा उडाला की थांबा. थांबणं फार महत्त्वाचं, कारण घासलेला फ्रेट परत वाढत नाही. मग माथे गोल करून चकाकी आणा.

नट हा सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित भाग. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. केसाएवढी हवी. जास्त असेल तर पहिल्या फ्रेटवर दाबल्यावर सूर चढतो, आणि लोक दोष ट्यूनरला, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांना, देतात.

प्रश्न : नेकला स्क्रूची भोकं नाहीत. बॉडीतल्या भोकांतून सरळ ड्रिल मारू का?

उत्तर : आधी नेक क्लॅम्पने खोबणीत धरा. दोन्ही कडेच्या तारा नट ते ब्रिज अशा हलक्या ताणून बघा. फ्रेटबोर्डाच्या दोन्ही कडांपासून त्यांचं अंतर सारखं आलं की मगच भोकांच्या जागी खुणा करा. ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खोली ठरवा, नाहीतर पातं फ्रेटबोर्डातून बाहेर येतं. नेकचं मॅपल लाकूड कठीण असतं, म्हणून भोक स्क्रूच्या आतल्या गाभ्याइतकं जाड हवं आणि आट्यांना मेण चोळा. कोरडा स्क्रू रेटला की डोकं तुटून हातात येतं आणि उरलेला तुकडा काढणं फार वैतागाचं.

प्रश्न : नवीन नेकवर बारीक तारेचा सूर पाचव्या-सहाव्या फ्रेटला लगेच मरतो. नेक स्वस्त म्हणून असं होतंय का?

उत्तर : बहुतेक नाही. स्क्रूने जोडलेल्या नेकच्या महागड्या बासवरही हे नेमकं त्याच भागात ऐकू येतं. नेकची स्वतःची कंपनाची एक गती असते. वाजवलेला सूर तिच्याजवळ आला की तारेची शक्ती नेक हलवण्यात खर्च होते आणि सूर विझतो. एक छोटा क्लॅम्प हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाला) लावून परत वाजवा. ती मेलेली जागा सरकली किंवा कमी झाली तर कारण सापडलं. क्लॅम्प तसाच ठेवायचा की जड ट्यूनर बसवायचे, ते नंतर ठरवा. आधी तो फ्रेट सैल नाही ना, हे बोटाने दाबून आणि वर सांगितलेली पट्टी ठेवून पाहून घ्या, कारण सैल फ्रेटचा आवाजही असाच बसलेला येतो आणि त्यावर इलाज ठोकण्याचा आहे, क्लॅम्पचा नाही.