अल ऐनला येताय ना? मग आधी खजुराच्या बागेत चला

ताई, मिस्टरांना दुबईऐवजी अल ऐनला नोकरी लागली म्हणून तुम्ही काळजीत आहात. वाळवंटातल्या गावात मुलांनी बघायचं काय, शिकायचं काय, असं विचारलंत. मी इथेच संसार करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अल ऐन अबू धाबी अमिरातीत, ओमानच्या सीमेला लागून आहे. २०११ मध्ये इथली जुनी स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. जेबेल हाफीत या डोंगराच्या पायथ्याशी पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत. हिलीच्या पार्कातलं गोल थडगं मुलांना नक्की दाखवा, त्याच्या दारावर ऑरिक्स हरणं आणि माणसं कोरलेली आहेत. त्या काळच्या थडग्यांमध्ये सिंधू संस्कृतीकडून आलेले लाल अकीकाचे मणीही सापडलेत. आपल्या बाजूची ये-जा तेल सापडल्यानंतर सुरू झाली असं इथे कुणी म्हणालं, तर मान्य करू नका.

पण माझा जीव आहे तो फलजवर. फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं भूजल मंद उताराने गावापर्यंत आणणारा कालवा. सुरुवातीला तो जमिनीखालून येतो, मध्ये मध्ये साफसफाईसाठी विहिरीसारखी तोंडं असतात आणि पंप कुठेच नसतो. इथले सर्वांत जुने फलज तीन हजार वर्षांचे आहेत. तुम्ही साक्रीकडच्या, पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने पाळीपाळीने शेतांना देणं, तुम्हाला सांगायला नको. इथेही पाणी वेळेच्या मापाने, पाळीने वाटायचे, दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून. खजुराच्या मोठ्या बागेत भर दुपारी शिरलात तरी सावली असते: वर खजूर, त्याखाली आंबा-लिंबू, तळाशी चारा. वाफ्याचं तोंड मोकळं केलं की पाणी खोडाभोवतीच्या आळ्यात भरत जातं, मुलं तिथून हलत नाहीत. पुढे यूएईचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले शेख झायद १९४६ पासून या भागाचे कारभारी होते, तेव्हा त्यांनी बुजलेले फलज साफ करून घेतले. आता भूजल खोल गेल्यामुळे बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी सोडावं लागतं. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून तर मुलांना हे लवकर दाखवा म्हणते.

शेजारी अमिराती असतील तर कॉफीला बोलावतील. गहवा वेलची घातलेली, बिनसाखरेची असते, सोबत खजूर. फिंजान, म्हणजे कॉफीचा छोटा कप, उजव्या हातानेच घ्या. कप अर्ध्याहून कमीच भरतात, तो कंजूषपणा नाही, तशीच रीत आहे. पुरे झालं की कप हलकेच हलवून परत द्या, नाहीतर ते ओततच राहतील. बायकांचे फोटो न विचारता काढू नका. रमजानात दिवसा बाहेर खाणं-पिणं टाळा.

जाहिली किल्ला आणि उंटांचा बाजार हिवाळ्यात सकाळी लवकर उरका. जेबेल हाफीतवर संध्याकाळी गाडीने जा, रस्ता वरपर्यंत आहे. जमलं तर ऑक्टोबरनंतर या. जूनमध्ये आलात तर पहिले तीन-चार महिने एसीतच जातील आणि मुलांना गाव आवडायचं राहून जाईल. घर मात्र बागेपासून चालत जाता येईल असं बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी.