क्विलिंगमधून कास पठाराचे दृश्य : अंतर आणि खोली कशी आणावी

नमस्कार. शुभेच्छापत्रांवरची क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून केलेली, फुले तुम्हांला चांगली जमतात. मात्र कास पठाराचे ए-फोर आकाराचे दृश्य करायला घेतल्यावर सगळी फुले साडीवरच्या बुट्ट्यांसारखी एकाच अंतरावर दिसू लागली, मागचे डोंगर डोंगर वाटेनात आणि त्यात भर म्हणून खालचा कार्डशीटही वाकला, असे तुम्ही लिहिले आहे. कार्डशीटचा उपाय सोपा आहे आणि तो शेवटी सांगतो. पहिल्या दोन अडचणींचे मूळ मात्र एकच असल्यामुळे त्यांविषयी सविस्तर लिहितो.

रंगचित्रात आपण कागदाचा पृष्ठभाग वापरतो, तर क्विलिंगमध्ये पट्टी उभी राहते आणि पाहणाऱ्याला प्रामुख्याने तिची कड दिसते. ही कड म्हणजेच आपली रेघ. ती जिथे दाट येते तिथे रंग गडद आणि वस्तू जवळची भासते, विरळ येते तिथे रंग फिका होतो आणि वस्तू मागे सरकते. ती आडवी धावली तर जमीन पसरते आणि उभी राहिली तर गवत उगवते. निसर्गदृश्य करताना ‘इथे कोणता आकार बसवू’ हा प्रश्न नंतर विचारावा. त्याआधी ‘इथे रेघा कोणत्या दिशेला आणि किती दाट हव्यात’ हे ठरवावे. तुमचे प्रत्येक फूल सुटे पाहिले तर निर्दोष असणार, यात मला शंका नाही. पण सगळी फुले एकाच रुंदीच्या पट्टीची, एकाच घट्टपणाची आणि एकाच आकाराची असली, की डोळ्याला अंतर मोजायला काहीच उरत नाही.

ही सवय आपल्याला लागते त्यालाही कारण आहे. युरोपातील मठांमध्ये धार्मिक वस्तू सजवण्यासाठी ही कला वाढली. सोन्याचांदीच्या तारेचे नाजूक जाळीकाम परवडत नसे तिथे सोनेरी कडेच्या कागदाच्या पट्ट्या गुंडाळून तोच परिणाम साधला जाई. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये घरंदाज स्त्रिया चहाच्या पेट्या आणि चौकटी याच कामाने मढवू लागल्या. म्हणजे दिलेली जागा सुंदर आकारांनी भरून काढणे हा या कलेचा मूळ धर्म आहे, आणि आजही शिकवताना थेंब, डोळा, चंद्रकोर, पाकळी असे सुटे आकारच शिकवले जातात. दृश्यासाठी मात्र काही जागा रिकामी ठेवण्याचे धैर्य लागते.

आता कासकडे वळू. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीवर हे जांभ्या खडकाचे पठार आहे, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत त्याचा समावेश आहे. खडकावर मातीचा थर अगदी पातळ असल्यामुळे तिथे मोठी झाडे फारशी वाढत नाहीत. पावसाळा सरता सरता, ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, बुटक्या वनस्पती एकदम फुलतात. आपल्या चित्राची रचना या दोन गोष्टींतूनच मिळते. पठार सपाट आहे, म्हणून क्षितिजरेषा उंच ठेवावी. कागदाचा वरचा साधारण चौथा भाग आकाशाला, त्याखाली डोंगरांची एक अरुंद पट्टी आणि उरलेली सगळी जागा पठाराला द्यावी. पठाराचेही तीन भाग करावेत, पण ते समान नसावेत : दूरचा भाग दोन बोटे, मधला त्याहून थोडा मोठा आणि जवळचा सर्वांत रुंद.

डोंगरांपासून सुरुवात करावी, कारण ते सर्वांत मागे आहेत. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला काढतो तसे त्रिकोणी डोंगर इथे चालत नाहीत. सह्याद्री लाव्हारसाच्या आडव्या थरांचा बनलेला आहे. त्यामुळे त्याचे माथे बहुधा सपाट, कडे सरळ तुटलेले आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे असतात. क्विलिंगला हे फार सोयीचे आहे. २ किंवा ३ मिमी रुंदीची पट्टी कडेवर उभी चिकटवून डोंगराची बाह्यरेषा काढावी आणि आतल्या बाजूला तिला जवळजवळ समांतर अशा दोन-तीन तुटक आडव्या रेघा द्याव्यात. आत कॉइल, म्हणजे पट्टी गुंडाळून केलेली वेटोळी, मुळीच भरू नये. सर्वांत मागच्या रांगेला फिका करडा-निळा, तिच्या पुढच्या रांगेला थोडा गडद निळसर हिरवा रंग घ्यावा. दमट हवेतून पाहताना दूरचे डोंगर निळसर आणि फिके दिसतात, ते डोळ्याला लगेच पटते.

दोन रांगांच्या मध्ये धुके हवे असेल तर ट्रेसिंग पेपर वापरावा. तो कात्रीने न कापता हाताने सावकाश फाडावा, म्हणजे कड मऊ आणि अनियमित येते. त्याला पांढरा गोंद लावू नये, कारण पाणी लागताच तो सुरकुततो. दुतर्फा चिकटपट्टीचा बारीक तुकडा फक्त खालच्या, पुढे झाकल्या जाणाऱ्या कडेला लावावा. आकाशात पट्टीचे ढग करण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कासच्या पावसाळी आकाशाला ठळक आकार नसतो, आणि वर गोलगोल ढग बसवले की खालच्या फुलांकडे लक्षच जात नाही.

पठाराच्या दूरच्या भागात एकही फूल ‘फूल’ म्हणून करू नये. तिथे सोनकीचा नुसता पिवळा पट्टा दिसतो, एकेक पाकळी दिसत नाही. त्यासाठी ३ मिमी रुंदीच्या पट्टीचे ५ सेंमी लांबीचे तुकडे कापून त्यांच्या घट्ट कॉइल कराव्यात. साधारण १२० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचे वजन १२० ग्रॅम असलेल्या) कागदात अशी कॉइल जेमतेम ३ मिमी व्यासाची होते. इथे एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे : घट्ट कॉइलचे क्षेत्रफळ पट्टीच्या लांबीच्या प्रमाणात वाढते, व्यास नव्हे. व्यास दुप्पट हवा असेल तर पट्टी चौपट लांब लागते. मधल्या भागासाठी ६ मिमीची कॉइल हवी असेल तर २० सेंमीची पट्टी घ्यावी लागेल. हे माहीत नसले की आपण लांबी थोडीशी वाढवतो, आकारात नजरेत भरेल इतका फरक पडत नाही आणि दूरचे-जवळचे सगळे पुन्हा एकसारखे होते. दूरच्या भागातल्या कॉइल ओळीने लावू नयेत. आडव्या, वाकड्यातिकड्या पट्ट्यांत त्यांची दाटी करावी आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये हिरवा किंवा तपकिरी तळ मोकळा सोडावा. पिवळ्याच्या दोन छटा असल्या तर अधिक चांगले.

मधल्या भागात फुले ओळखू येतील इतकीच करावीत. गेंद या बारीक काठीवरच्या गोल फुलासाठी पांढुरक्या पट्टीची घट्ट कॉइल करून तिचा मधला भाग बोथट टोकाने हलकेच वर ढकलावा आणि आतून गोंदाचा पातळ हात द्यावा, म्हणजे वाळल्यावर तो छोटा घुमट तसाच राहतो. काठी म्हणून एक बारीक पट्टी उभी लावली की गेंद पूर्ण झाला. सीतेची आसवं हे फूल निळे-जांभळे आणि अगदी नाजूक असते. त्याला अर्धवर्तुळाकार एक कॉइल खाली आणि इवलासा थेंब वर इतके पुरते. कुमुदिनीचे तळे दाखवायचे असेल तर ते याच भागात एका बाजूला ठेवावे, आणि पाण्यासाठी फिक्या निळ्या पट्टीच्या काही लांब आडव्या रेघांपलीकडे काहीही करू नये.

जवळच्या भागात मात्र हात राखून काम करू नये. मी इथे तेरड्याची निवड करीन, कारण त्याचा गुलाबी रंग पिवळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो आणि त्याच्या पाकळीत रेघांची दिशा फार सुंदर दाखवता येते. ५ मिमी रुंदीची, १० सेंमी लांब गडद गुलाबी पट्टी आणि २० सेंमी लांब फिकी गुलाबी पट्टी टोकाला टोक जोडून एक करावी. गडद टोकापासून गुंडाळायला सुरुवात करावी आणि कॉइल सुमारे १४ मिमी व्यासाच्या गोल साच्यात सैल होऊ द्यावी. आता टाचणीने कॉइलचा मध्यबिंदू एका कडेपर्यंत ओढून तिथेच धरावा, मागच्या बाजूने गोंदाचा लहानसा थेंब द्यावा आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नये. मग त्याच कडेला चिमटीत दाबून टोक काढावे आणि समोरची गोल बाजू मधोमध किंचित आत दाबावी. सगळी वेटोळी त्या टोकाशी एकत्र येऊन तिथून बाहेर पंख्यासारखी पसरतात. फुलाचा गळा गडद आणि कडा फिक्या होतात, आणि खऱ्या पाकळीच्या शिरांचा भास होतो. अशा दोन मोठ्या पाकळ्या खाली, एक लहान पाकळी वर, आणि मागून बाहेर डोकावणारी एक वक्र बारीक पट्टी एवढ्यात तेरडा तयार होतो. अशी चार-पाच फुले पुरेत. त्यांतले एखादे बाजूने दिसणारे आणि एखादी कळी असावी. सगळी फुले आपल्याकडेच तोंड करून उभी राहिली तर दृश्याचा जिवंतपणा जातो. जवळची सोनकी हवी असेल तर १० मिमी पट्टीला कात्रीने बारीक झालर कापावी, शेवटाला ३ मिमीची पट्टी जोडावी आणि त्या अरुंद पट्टीकडून गुंडाळावी, म्हणजे मध्यभागी घट्ट बटण आणि भोवती उघडणाऱ्या पाकळ्या मिळतात.

टोपली कारवी हे झुडूप घालू का, असेही तुम्ही विचारले आहे. ती सात वर्षांतून एकदा फुलते, म्हणून ती फुललेली दाखवायची तर चित्राचा नायकच ती असावी, आणि त्या वर्षीचे पठार म्हणून वेगळे चित्र करावे. या चित्रात तिची फुले नसलेली बरी.

जांभा खडक विसरू नये. तो नसेल तर चित्र कुठल्याही बागेचे वाटू शकते. गडद तपकिरी, विटकरी आणि काळपट अशा पट्ट्या हाताने चुरगाळून, पुन्हा सरळ करून, कडेवर आडव्या आणि एकमेकींना चिकटून लावाव्यात. जांभ्याला छिद्रे असतात, म्हणून अधूनमधून दोन पट्ट्यांच्या मध्ये फट राहू द्यावी. खडकाच्या कडेने गवत उगवावे. गवतासाठी पट्टी टोकाकडे तिरकी कापून निमुळती करावी आणि बोटांमध्ये हलकेच ओढून बाक द्यावा. बाक सगळ्या पात्यांना एकाच दिशेला हवा, कारण पठारावर वारा असतो. उंची मात्र प्रत्येकाची निराळी असावी. पात्यांची दोन-चार टोके तेरड्याच्या पाकळ्यांवरून पुढे आली, तर जवळच्या भागाला आणखी एक थर मिळतो.

पट्टीची रुंदी हीच इथे खरी खोली आहे. मागे २-३ मिमी, मध्ये ३-५ मिमी, पुढे ५-७ मिमी असा क्रम पाळला तर चित्र पुढे पुढे प्रत्यक्षच उंच होत जाते आणि बाजूने उजेड पडल्यावर पुढच्या वस्तूंची सावली मागच्यांवर पडते. पट्ट्या घरी कापणार असाल तर आधी एकाच कागदाची एक पट्टी उभी आणि एक आडवी कापून दोन्ही गुंडाळून पाहाव्यात. कागदातील तंतूंची दिशा ठरलेली असते. एका दिशेची पट्टी गुळगुळीत वळते, दुसरीला बारीक कोन पडतात. जी सहज वळेल त्याच दिशेने सगळा कागद कापावा.

आता कार्डशीट. पांढऱ्या गोंदात पाणी असते. ते एका बाजूने कागदात शिरते, ती बाजू फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून पातळ कार्डशीट वाकणारच. किमान २ मिमी जाडीचा माउंटबोर्ड, म्हणजे चित्रे बसवण्याचा कडक पुठ्ठा, घ्यावा. आकाश आणि तळाचा रंगीत कागद प्रथम चिकटवावा, त्याच वेळी मागच्या बाजूलाही तेवढाच कागद लावावा, आणि एक रात्र जड पुस्तकांखाली ठेवावा. क्विलिंग सुरू झाल्यावर वजन ठेवता येत नाही, म्हणून हे आधीच झाले पाहिजे. पुढे गोंद बाटलीतून थेट न लावता झाकणात थोडा काढून पट्टीची कड त्यात टेकवावी. कडेला लागतो तेवढाच पुरतो, आणि आजूबाजूला चकाकणारे डाग पडत नाहीत.

फ्रेम साधी चालणार नाही. पुढची फुले काचेला टेकली तर ती चेपतात आणि पावसाळ्यात ओल धरतात, म्हणून काच आणि बोर्ड यांच्यात किमान २ सेंमी अंतर राहील अशी खोल फ्रेम फ्रेमवाल्याकडून करून घ्यावी. मागची बाजू बंद करण्यापूर्वी बोर्डाच्या पाठीशी सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि चारही फटी कागदी चिकटपट्टीने बुजवाव्यात, म्हणजे कसर आत शिरत नाही. ऊन थेट येणारी भिंत आणि पावसाळ्यात ओल येणारी भिंत दोन्ही टाळाव्यात. रंगीत कागदांतला गुलाबी उन्हात लवकर विटतो, आणि या चित्रात तेरडा गुलाबीच आहे.