जळगावचे पाइप कारखाने युद्धकाळात तोफगोळे बनवू शकतील का?

सरसकट नाही. पीव्हीसी पाइपचे एक्स्ट्रूडर यंत्र तापलेले प्लॅस्टिक डायमधून, म्हणजे साच्याच्या भोकातून, ढकलते, त्यातून दारूगोळा भरून ठेवायच्या नळ्या निघतील, पोलादी गोळा नव्हे. एमआयडीसीतल्या लेथवाल्यांचे तसे नाही. गोळ्याचे कवच त्यांना कातता येईल, परंतु खरा वेळ जिग (हत्याराला दिशा देणारा साचा), फिक्स्चर (नग घट्ट धरणारी चौकट) आणि गेज (माप तपासायची कडी) बनवण्यात जातो, कारण प्रत्येक नग 'गो' कड्यातून सहज गेला पाहिजे आणि 'नो-गो' कड्यात अडलाच पाहिजे.

अमेरिकेत फेब्रुवारी १९४२मध्ये खासगी मोटारींचे उत्पादन थांबले, तरी फोर्डने बी-२४ बॉम्बफेकी विमानांसाठी विलो रन येथे नवाच कारखाना उभारला आणि तासाला एक विमान हा वेग गाठायला १९४४ उजाडले. त्याच युद्धात लिबर्टी नावाची मालवाहू जहाजे बांधणाऱ्या गोद्यांनी रिव्हेट ठोकण्याऐवजी वेल्डिंग केले आणि जहाजाचे मोठे भाग आधीच जोडून घेतले, म्हणून नवख्या कामगारांकडूनही काम उरकले. थंड पाण्यात काही जहाजे तडकली, हेही खरे.

आपल्याकडे १९६२च्या युद्धानंतर काडतुसांसाठी वरणगावला स्वतंत्र कारखानाच उभारला गेला. स्फोटके भरण्याचे काम तर वस्तीलगतच्या शेडमध्ये करताच येत नाही.