हौदा असलेली गाडी आणि तिचे गिऱ्हाईक

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची यावल तालुक्यात केळीची बाग आहे. शेतरस्ता पावसाळ्यात काळ्या चिखलाचा होतो आणि वर्षातून पाच-सहा वेळा सातपुड्यातील पाड्यांवर जाणे होते, म्हणून फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) गाडी घेण्याचे ठरले आहे. मला हायलक्ससारखा डबल केबिनचा पिकअप मनापासून आवडतो. घरच्यांचे म्हणणे असे की पिकअपला विकताना कोणी विचारत नाही, तेव्हा फॉर्च्युनर किंवा थार घ्यावी. अमेरिकेत असलेला माझा भाचा मात्र नेमके उलटे सांगतो, की तिकडे जुन्या पिकअपचीच किंमत सर्वांत चांगली टिकते. गाडी पाच वर्षांनी विकायची आहे. यात खरे काय मानावे?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : आपला भाचा त्याच्या बाजारापुरता बरोबर आहे आणि घरचे आपल्या बाजारापुरते. जुन्या गाडीची किंमत तिच्या लोखंडावरून कमी आणि तिच्यासाठी किती गिऱ्हाइके थांबली आहेत यावरून जास्त ठरते. अमेरिकेत पिकअप ही अनेक घरांतली मुख्य गाडी असते. फोर्डची एफ मालिका तिथे सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत कित्येक दशके आघाडीवर राहिली आहे. शिवाय बाहेर बनलेल्या हलक्या ट्रकांवर तिथे १९६४ पासून २५ टक्के आयातशुल्क आहे, त्यामुळे परदेशी पिकअप स्वस्तात आत येत नाही. (युरोपने अमेरिकेच्या कोंबड्यांवर कर लावला, त्याचे उट्टे म्हणून हे शुल्क आले, त्याला तिकडे आजही ‘कोंबडी-कर’ म्हणतात.) अशा बाजारात टोयोटाची टॅकोमा आणि जीपची रँग्लर, म्हणजे एक पिकअप आणि एक एसयूव्ही, दोन्ही किंमत टिकवण्यासाठी सारख्याच नावाजल्या जातात. तेव्हा हौदा असला म्हणून किंमत पडते, असा काही नियम नाही.

आपल्याकडे चित्र का बदलते हे पाहायचे असेल तर हायलक्स आणि फॉर्च्युनर शेजारी-शेजारी उभ्या कराव्यात. दोन्ही गाड्यांचा मूळ सांगाडा एकाच घराण्यातला आहे आणि दोन्हींत २.८ लिटरचे, २०४ अश्वशक्तीचे तेच डिझेल इंजिन आहे. म्हणजे टिकाऊपणात, मिस्त्रीच्या ओळखीत किंवा इंजिनाच्या सुट्या भागांत मोठा फरक पडण्याचे कारण नाही. फरक आहे तो पाठीमागच्या अर्ध्या गाडीत. फॉर्च्युनरमध्ये सात माणसे बसतात, मागे कॉइल स्प्रिंग असल्याने पाठीमागची बैठक सुसह्य होते आणि ती दारात उभी राहिली की चार लोक वळून पाहतात. ठेकेदार, पुढारी, बागायतदार, दवाखान्याचे मालक असे सगळे तिचे गिऱ्हाईक असते, आणि निवडणुका जवळ आल्या की त्यात भरच पडते. हायलक्समध्ये पाच माणसे, मागे उघडा हौदा, हौद्याखाली पाटे (एकावर एक पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि सव्वापाच मीटरहून अधिक लांबी. रिकामी गाडी खराब रस्त्यावर मागून उसळते, आणि जुनी गाडी पाहायला आलेल्या कुटुंबाने मागच्या सीटवर बसून एक फेरी मारली की बहुधा तिथेच सौदा मोडतो.

दुसरीकडे, ज्याला खरोखर माल वाहायचा आहे तो तीस लाखांच्या गाडीकडे फिरकतच नाही. त्याला बोलेरो पिकअप तिच्या अंशभर किमतीत मिळते. इथे घरच्यांच्या विधानात मी एक दुरुस्ती सुचवीन. ‘पिकअपला कोणी विचारत नाही’ हे आपल्या भागात साफ चूक आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड, दूध, भाजीपाला आणि लग्नाचा मंडप वाहणारी पिवळ्या पाटीची पिकअप दहा वर्षांची झाली तरी तिला मागणी असते, कारण विकत घेणारा तिची किंमत तिच्या रोजच्या कमाईवरून काढतो. अडचण फक्त हौसेच्या पिकअपची होते. ती मालवाहतूकदाराला महाग पडते आणि कुटुंबाला गैरसोयीची, म्हणून दोघांच्या मधल्या फटीत सापडते.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. घोडा कितीही देखणा असो, त्याच्यासमोर एकच माणूस उभा असेल तर किंमत तो माणूस ठरवतो. पाच जण उभे राहिले की घोड्याचा मालक ठरवतो. हायलक्स विकताना आपल्यासमोर बहुधा एकच जण असेल, तोही नाशिक किंवा पुण्याहून आलेला.

जुन्या गाडीचा भाव शेवटी नव्या गाडीच्या भावाला बांधलेला असतो, हीही गोष्ट ध्यानात घ्यावी. हायलक्सच्या सुरुवातीच्या मॉडेलची शोरूम किंमत मार्च २०२२ मध्ये ३३.९९ लाख रुपये जाहीर झाली आणि एका वर्षाने तीच ३०.४० लाखांवर आली. पहिल्या वर्षी घेणाऱ्यांची गाडी उभ्या जागी साडेतीन लाखांनी उतरली, त्यात चालवणाऱ्याचा काही दोष नव्हता. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा, अधिभार धरून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्के झाला, तेव्हा फॉर्च्युनरच्या किमती साडेतीन लाखांपर्यंत आणि हायलक्सच्या अडीच लाखांपर्यंत खाली आल्या. ज्यांनी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गाडी घेतली, त्यांच्या जुन्या किमतीला दोन्ही प्रकारांत सारखीच कात्री लागली. म्हणून मागच्या पाच वर्षांचा अनुभव पुढच्या पाच वर्षांना जसाच्या तसा लावू नये.

आता हिशेबाचा मुद्दा, जो बहुतेक जण चुकवतात. लोक टक्क्यांत बोलतात आणि पैसे मात्र रुपयांत जातात. समजा, एसयूव्ही ४० लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी तिचे ६० टक्के हातात आले, तर १६ लाख गेले. पिकअप ३० लाखांना घेतला आणि निम्मेच हातात आले, तर १५ लाख गेले. टक्क्यांत एसयूव्ही जिंकली, रुपयांत हरली. शिवाय महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खासगी डिझेल गाडीला १५ टक्के एकरकमी कर भरावा लागतो, म्हणजे एकीकडे ६ लाख आणि दुसरीकडे साडेचार लाख. हा कर विकताना वेगळा परत मिळत नाही. कर्जाचे व्याजही मोठ्या रकमेवर मोठेच बसते. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. आपण घ्यावयाच्या मॉडेलचा खरा ऑन रोड भाव आणि त्याच मॉडेलच्या, सारख्या वर्षाच्या, सारख्या रनिंगच्या, पहिल्या मालकाच्या चार-पाच जुन्या गाड्यांचा प्रत्यक्ष मिळालेला भाव त्या जागी घालून पाहा. मालक जाहिरातीत मागतो तो भाव धरू नये. इसार घेऊन सौदा कितीला तुटला, तेवढेच विचारावे.

थारविषयी थोडक्यात. ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार आल्यापासून तिच्यामागे तरुण गिऱ्हाइकांची रांग आहे, आणि रांग लांब म्हणून किंमतही टिकली. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आल्यावर, कुटुंबासाठी थार घेऊ पाहणारा माणूस तिकडे वळला, असे मला वाटते. तीन दारांची नवी थार घेऊन पाच वर्षांनी आजच्यासारखाच भाव मिळेल असे गृहीत धरू नये.

माझा सल्ला असा की पाच वर्षांनी विकायचेच असेल आणि विकताना महिनोन्महिने थांबायची तयारी नसेल, तर एसयूव्ही घ्यावी. पण आपले काम मला हौद्याचे दिसते : ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, पंपाची मोटर. ते फॉर्च्युनरच्या गालिच्यावर आपण ठेवणार नाही आणि घरचे ठेवू देणार नाहीत. मग त्यासाठी पुन्हा दुसरी गाडी घ्यावी लागेल. गाडी दहा-बारा वर्षे ठेवण्याचे मनात आणू शकलात, तर पुनर्विक्रीतला हा फरक बराच विरघळतो आणि पिकअप घेण्यास माझी हरकत राहत नाही.

प्रश्न : विम्याच्या कागदावर माझ्या चार वर्षांहून जुन्या गाडीची किंमत आयडीव्ही म्हणून लिहिली आहे. दलाल म्हणतो की तोच बाजारभाव. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : नाही. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, नव्या गाडीच्या किमतीवरून ठरलेल्या पायऱ्यांनी उतरते : गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के घट, दोन ते तीनमध्ये ३०, तीन ते चारमध्ये ४० आणि चार ते पाचमध्ये ५० टक्के. त्या कोष्टकाला आपली गाडी थार आहे की पडून राहणारी पिकअप, हे कळत नाही. मागणी असलेली एसयूव्ही या आकड्याच्या वर विकली जाते, आणि दलालाला नेमके हेच ठाऊक असते.

प्रश्न : शहाद्याजवळ एका ओळखीच्यांकडे जुनी इसुझू व्ही-क्रॉस आहे आणि ती तेवढ्याच जुन्या फोर बाय फोर एसयूव्हीपेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. स्वस्त म्हणून घ्यावी का, आणि घ्यायची तर काय पाहावे?
— एक वाचक, शहादा

उत्तर : वरच्या उत्तरात पिकअपचा जो तोटा सांगितला, तो विकणाऱ्याचा आहे; घेणाऱ्याला तोच लाभ होतो. किंमत आधीच दुसऱ्याच्या खिशातून उतरलेली असते. पुढे आपणही सावकाश विकणार असाल, तर या सौद्याला मी अनुकूल आहे. व्ही-क्रॉस आपल्याकडे २०१६ पासून आहे. सुरुवातीला तिला २.५ लिटरचे डिझेल इंजिन होते, आणि २०२१ मध्ये आलेल्या बीएस-६ गाडीला १.९ लिटरचे, १६३ अश्वशक्तीचे. घेताना आरसी बुकात कोणते इंजिन आहे ते पाहा आणि त्याचे सुटे भाग जवळच्या कोणत्या शहरात मिळतात याची चौकशी आधीच करा.

त्याच आरसी बुकात वाहनाचा वर्गही वाचावा. पांढऱ्या पाटीची खासगी नोंदणी १५ वर्षांची असते. मालवाहू म्हणून नोंद असेल तर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावे लागते. पुढे विकताना गिऱ्हाईक हेच कारण पुढे करून भाव पाडते. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा नमुना ३५ आणि हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी दिल्लीकडून आलेली असेल तर अधिक सावध राहावे. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या स्वस्तात बाहेर पडतात, पण ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि एमएच-३९ चे (नंदुरबारचे) पासिंग हे सगळे जमेस धरले की स्वस्ताई बरीच कमी होते.

मग गाडीखाली शिरा. आपल्या भागात कोकणासारखी खारी हवा नाही हे भाग्य, पण हौद्यात युरियाच्या गोण्या भिजल्या असतील तर पत्रा कोपऱ्यांतून आणि खालच्या जोडांतून खाल्लेला दिसतो. वरून लाइनिंग बसवले असेल तर ते उचलून पाहावे. नवे कोरे लाइनिंग बरेचदा झाकण्यासाठीच बसवलेले असते. पाटे एका बाजूला बसले आहेत का, त्यांत जास्तीचा पाटा घातला आहे का हे पाहिले की किती ओझे वाहिले ते कळते. डिफरन्शिअलचे (दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचे) तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर गाडी ओढ्या-नाल्यांत बुडलेली आहे आणि नंतर तेल बदललेले नाही. फोर बाय फोर हाय आणि लो (वेगाचा आणि जोराचा गिअर) दोन्ही लावून पाहावे, पण डांबरी रस्त्यावर नव्हे. तापीच्या काठची रेती किंवा नांगरलेले शेत त्यासाठी चांगले, कारण कोरड्या डांबरावर पुढची-मागची चाके वळणावर एकमेकांशी झगडतात आणि धडधाकट गाडीचाही आवाज येतो. एसयूव्ही तपासताना हे सगळे असतेच. पिकअपच्या बाबतीत हौदा आणि पाटे आधी पाहावेत, कारण मालकाने सांगितले नाही तरी गाडीचा खरा वापर तिथे उमटलेला असतो.

प्रश्न : माझ्या पिकअपला उंची वाढवण्याचे किट, रुंद टायर आणि लोखंडी बंपर लावला आहे. त्यावर तीन लाखांच्या वर खर्च झाला. विकताना त्यातले किती मिळतील?
— एक वाचक, धुळे

उत्तर : फारच थोडे, आणि काही वेळा उलटे कापलेच जातात. गिऱ्हाइकाला अशा गाडीत तोरणमाळचा घाट नव्हे, पहिल्या मालकाने दिलेले हाल दिसतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, त्यामुळे हस्तांतराच्या वेळी आरटीओत किंवा अपघातानंतर विम्यात अडचण येऊ शकते. एसयूव्हीलाही हे लागू आहे. फक्त थारच्या बाबतीत असे बदल आवडणारी तरुण मंडळी सापडतात, पिकअपला तीही विरळ. गॅरेजमध्ये मूळ स्प्रिंग, चाके आणि बंपर पडून असतील तर विक्रीपूर्वी ते परत बसवावेत आणि काढलेले सामान वेगळे विकावे. मूळ सामान मिस्त्रीलाच देऊन टाकले असेल, तर आधी त्याला गाठावे. त्याने ते अजून भंगारात घातले नसण्याची शक्यता आहे.