मोकळ्या प्लॉटवर बाग करायची म्हणताय?

आधी जागा कुणाची ते बघा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड, जागेच्या मालकीची नोंद) काढा, पालिकेच्या विकास आराखड्यात ती जागा रस्ता, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखीव आहे का तेही तपासा. मालकाची लेखी परवानगी हवीच; तोंडी 'करा की' चालत नाही.

अशा जागेत बहुतेक राडारोडाच असतो, कुदळ विटेवरच आपटते. खणत बसू नका. वर विटांचे वाफे रचा, तळाशी रसवंतीवाल्याकडची चिपाडं, त्यावर सुका पाला, शेणखत आणि थोडी माती. पहिल्यांदा मेथी, माठ लावा. तीन-चार आठवड्यांत भाजी निघाली की नाकं मुरडणारेही पिशवी घेऊन येतात! झाडांची घाई नको, जागा परत द्यावी लागली तर पंचाईत. पाण्याचं मात्र शेजारच्या सोसायटीशी आधीच बोलून ठेवा.