ईदच्या सकाळी पायरीवर

ताई,

तुमचं पत्र चार पानी. मुसलमान घरातली एक मुलगी दीड वर्षापूर्वी बाप्तिस्मा घेऊन तुमच्या मंडळीत आली, हल्ली उपासनेला येईनाशी झाली, आता तिच्यासाठी आणखी काय करावं, असं तुम्ही विचारता. केलेल्याची यादी लांबलचक आहे: नवं बायबल, नाताळला साडी न् कुंद्याचा डबा, तीनदा पुढे बोलावून साक्ष, म्हणजे आपण ख्रिस्ती कसे झालो ते सगळ्यांसमोर सांगणं, शिवाय वेगळा बायबलवर्ग. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, कंसात, एवढंच: ‘रमजान ईदला सकाळी चर्चच्या पायरीवर बसली होती. चर्च बंद होतं. मी भाजीला निघाले होते, हात केला.’

हात केलात!

मी त्या कंसातून पुढे सरकलेच नाही. त्या वेळी तिच्या घरी पातेल्यात दूध आटत असेल, भाऊ नवे कपडे घालून ईदगाहकडे निघाले असतील, पोरं ईदीसाठी मामूंच्या मागे लागली असतील. ते दार तिला बंद. उरलं एक ठिकाण, त्यालाही कुलूप. आणि समोरून महिला मंडळाच्या चिटणीस पिशवी घेऊन गेल्या.

‘जुनं तिने आता विसरावं,’ असं तुम्ही लिहिता. आईसुद्धा?

मराठी लेखक बाबा पदमनजी आपल्या बेळगावात जन्मले, याचा आपल्याला कोण अभिमान. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घरच्यांचा रोष पत्करला. पण त्यांची मराठी तरी मंडळीत चालत होती. ही पोरगी प्रार्थनेला ‘दुवा’ म्हणते, तर तुम्ही तिला ‘हळूच सुधारता’. सुधारू नका हो. मराठी नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली निघाला, उर्दू १८१४ साली. ख्रिस्ती माणसं दोनशे वर्षं दुवा मागत आली आहेत.

साक्ष बंद. तिसऱ्या वेळी ती रडली आणि ‘सगळ्यांना फार आशीर्वाद मिळाला’, हे वाचून मला रागच आला. त्याचा व्हिडिओ ग्रुपवर असेल तर आज काढायला लावा. खडे बाजारात तिच्या भावाला ओळखणारे किती निघतील, याचा विचार कुणी केला होता?

आता नवा वर्ग नको, समिती नको. बुधवारी तिच्या खोलीवर जा. एकट्या जा, पाळकांना नेऊ नका. ‘तुझ्या आईसारखा शिरखुर्मा मला करून दाखव,’ म्हणा आणि घरी घेऊन या. दूध, शेवया, खारीक, चारोळी आधी आणून ठेवा. तिला ओट्याशी उभी करा, तुम्ही खाली बसून खारका चिरा. शेवया जाड आणल्यात म्हणून ती नाक मुरडेल, मुरडू दे. आईबद्दल बोलायला लागली तर बायबलचं वचन काढू नका, खारका चिरत राहा. रविवारचा विषय तर मुळीच नको.

ती निघाली की दारात सांगा, बकरी ईदला सकाळी इकडेच ये. आणि त्या दिवसाची भाजी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा.